पार्श्वभूमी: रेस ठरली की क्लास ठरतो, ही अट आली कुठून

फँटसी गेममध्ये आपल्या पात्राची जमात म्हणजे 'रेस' आणि त्याचं काम म्हणजे 'क्लास'. पणजी-मडगावची गेम खेळणारी मुलं 'रेस' आणि 'क्लास' असंच म्हणतात, आणि तेच बरं. 'वर्ग' म्हटलं की शाळा आठवते नाहीतर गरीब-श्रीमंत, आणि रेसला 'जात' म्हटलं तर वाचणारा भलतीकडेच जातो. पण शब्द टाळला तरी मूळ कल्पना तीच राहते: जन्मावरून काम. गावकारपण, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचा हक्क, जन्माने मिळतं हे पाहत वाढलेल्या गोवेकराला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

अट आली ती टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळांतून, मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्समधून. त्याच्या 1974 च्या नियमांत ड्वार्फला (बुटक्यांची रेस) फक्त लढवय्या होता येई, तोही सहाव्या पातळीपर्यंत. 1978 च्या नियमांत पॅलाडिन (धर्मयोद्धा) फक्त माणूस. इतर रेसना जन्मजात फायदे होते, मग माणूस कोण घेणार, म्हणून हे कुंपण. टेबलावर ते 2000 मध्ये निघालं. तोवर 1999 च्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन गेममध्येही ते आलं होतं.

2004 च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये 8 रेस आणि 9 क्लास होते. जोड्या 72 होऊ शकल्या असत्या, खुल्या होत्या 40. वॉरियर (लढवय्या) सगळ्या रेसना, 'रोग' (लपून वार करणारा) टॉरेन ही बैलमुखी रेस सोडून सगळ्यांना. खरा वाद दोन क्लासचा. गेममध्ये अलायन्स आणि होर्ड असे दोन शत्रुपक्ष; पॅलाडिन फक्त अलायन्सकडे, शमन (निसर्गशक्ती वापरणारा) फक्त होर्डकडे. पॅलाडिनचं ब्लेसिंग (मदतीचा आशीर्वाद) 40 जणांच्या रेडमध्ये, म्हणजे एकत्र चढाईत, कोणालाही देता येई. त्यातलं सॅल्व्हेशन थ्रेट (शत्रू कोणावर चालून येईल हे ठरवणारा आकडा) 30 टक्क्यांनी उतरवी, म्हणजे मारणाऱ्यांना हात आखडता घ्यावा लागत नसे. शमनचे टोटेम (मदत करणारे मंतरलेले खांब) पाच जणांच्या आपल्याच पार्टीपुरते, म्हणजे रेडमधल्या छोट्या गटापुरते, शिवाय जमिनीला खिळलेले. पार्टी हलली की संपलं. त्यात फिअर वॉर्ड, म्हणजे भीतीपासून वाचवणारा मंत्र, फक्त ड्वार्फ प्रीस्टकडे (प्रीस्ट म्हणजे पुजारी हा क्लास). मॅगमाडार या बॉससमोर (बॉस म्हणजे रेडमधला बलाढ्य शत्रू) टँक, म्हणजे मार अंगावर घेणारा, घाबरून पळाला की रेड कोसळे, म्हणून अलायन्सचे गिल्ड (खेळाडूंचे संघ) ड्वार्फ प्रीस्ट शोधत फिरत. म्हणजे पहिल्या पडद्यावर चेहरा आवडला म्हणून केलेली निवड साठाव्या पातळीला नडायची. रेस बदलायची सोयच नव्हती, पुन्हा पहिल्या पातळीपासून सुरुवात.

जानेवारी 2007 मध्ये होर्डच्या नव्या ब्लड एल्फ रेसला पॅलाडिन आणि अलायन्सच्या नव्या ड्रेनाय रेसला शमन मिळाला. दोन्ही बाजूंची ओळख पुसली, ही तक्रार तेव्हाही होती आणि ती पोकळ नव्हती: शत्रूकडे आपल्याकडे नसलेलं काहीतरी असण्यात मजा होतीच. तरी निर्णय योग्यच होता. एकच बॉस दोन वेगळ्या हत्यारांच्या सैन्यांसाठी समतोल ठेवायचा, तर पॅलाडिन आणि शमन दोघांनाही मोकळेपणाने घडवता येत नाही.

पुढचं भराभर झालं. ऑक्टोबर 2009 मध्ये पैसे भरून रेस बदलायची सोय आली, पण नवी रेस आपला क्लास घेऊ शकत असेल तरच. नोव्हेंबर 2010 मध्ये टॉरेन पॅलाडिनसकट बऱ्याच जोड्या खुल्या झाल्या. 2022 मध्ये 'मेज' (जादूगार), प्रीस्ट आणि 'रोग' जवळपास सगळ्यांना, 2023 मध्ये वॉरलॉक (काळी जादू करणारा).

ड्रुइड (प्राण्यांची रूपं घेणारा), पॅलाडिन आणि शमन तेव्हाही मागे राहिले, ते कथेपेक्षा कामाच्या ओझ्यामुळे असावं. ड्रुइडला रेसप्रमाणे वेगळं अस्वल आणि वेगळं मांजर रेखाटावं लागतं, पॅलाडिनला वेगळं वाहन, शमनला वेगळे टोटेम. मेजला नवी रेस द्यायला यातलं काहीच लागत नाही.