कूलरचे क्षार आणि टाकीतलं शेवाळ

मे महिन्यात जळगावात कूलरच्या गवतावर पांढरा थर कसा जमतो, हे इथल्या कुणाला सांगायला नको. बोअरचं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. माझ्या हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत नेमकं हेच चाललं होतं, आणि कूलरशेजारी बसूनही मला ते दोन उन्हाळे कळलं नाही.

टाकी २०० लिटरची. खारं म्हणजे मचूळ नव्हे. समुद्री मिठाचं मिश्रण, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आत दोन क्लाउनफिश आणि चुनखडीचे दगड. (प्रवाळ नाही. दगडी प्रवाळाला आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.) माशांना पाणी हवं २५-२६ अंश, आणि बाहेर पारा ४४ वर. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडेना, म्हणून पाण्यावर पंखा सोडला. माठाचीच युक्ती ती. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात २०० लिटर पाणी जवळपास तीन अंशांनी उतरतं. भर उन्हाळ्यात माझ्याकडे रोज चार लिटर उडायचं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. मी घालायचो बोअरचं, आणि टाकीत शेवाळ माजत गेलं.

आता हिशेब बघा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट (शेवाळाचं खत असलेला नत्राचा क्षार) लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. बोअरचं पाणी अगदी त्या काठावरचं धरलं, तरी चार लिटरमधून रोज १८० मिलिग्रॅम आत जातं. म्हणजे टाकीतल्या दर लिटरमागे ०.९ आणि महिन्याला २७. पिण्यासाठी पास झालेलं पाणी शेवाळासाठी खताची गोणी ठरतं.

हे नायट्रेट येतं कुठून, ते केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळं विचारायला नको. युरियातलं नत्र जमिनीत नायट्रेट होतं. त्याच्यावर ऋण भार, काळ्या मातीच्या कणांवरही ऋण भार. माती त्याला धरून ठेवत नाही आणि जास्तीचं पाणी ते खाली घेऊन जातं. फॉस्फेटचं, म्हणजे स्फुरदाचं, उलटं. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत ते कॅल्शियमशी बांधलं जातं आणि वरच राहतं. म्हणून टाकीत नायट्रेट बोअरमधून आलं, आणि फॉस्फेट मी स्वतः चिमटी-चिमटीने घातलं: माशांच्या खाद्यातून.

मग घरच्या आरओचं पाणी घालायला लागलो. त्यानेही शेवाळ हटेना. मीटर लावला तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ९० च्या आसपास. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून घरगुती मशीनमध्ये पुष्कळदा थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, ती माझ्याही मशीनमध्ये चालू होती. टाकीसाठी ती बंद हवी, आणि पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचं एक नळकांडं हवं. मीटरवर शून्य दिसेपर्यंत.

दरम्यान चाचणीच्या किटने मला चांगलंच फसवलं होतं. दगडांवर हिरव्या केसांचं जावळ वाढलेलं आणि नायट्रेट जवळजवळ शून्य! शून्य असणारच. पाण्यात आलेलं सगळं ते जावळच खाऊन टाकत होतं.

आधी आपलं शेवाळ ओळखायला हवं. नव्या टाकीत काचेवर तपकिरी भुकटी बसते, ती डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची. सिलिका संपली की बहुतेक वेळा आपली आपण जाते, उगाच औषधं ओतू नका. वाळूवर जांभळट-लाल, बुळबुळीत चादर पसरली तर ते शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर वाढणारे जिवाणू. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला तो याच्याच पूर्वजांनी, त्यामुळे मला त्याचा थोडा आदर वाटतो. चादर मात्र नळीने ओढून काढतो. काही जण अँटिबायोटिक टाकतात. टाकीचं पाणी शुद्ध ठेवणारे उपकारक जिवाणूही त्यात मरू शकतात, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

केसाळ हिरव्याला हाताने उपटणं हाच पहिला उपाय. दगड बादलीतल्या खाऱ्या पाण्यात धरून जुन्या टूथब्रशने घासायचा, म्हणजे तुकडे टाकीत पसरत नाहीत. दिवा आठ तासांवर आणला. गोठवलेलं खाद्य गाळणीत धुऊन घालू लागलो. आठवड्याला वीस-पंचवीस लिटर पाणी बदललं. आणि टाकीखालच्या डब्यात किटोमॉर्फा नावाचं तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ लावलं. शेवाळाला शेवाळाचाच उतारा! त्याचा दिवा रात्री चालतो, वाढलं की मूठभर कापून फेकायचं. त्याबरोबर नत्र आणि स्फुरदही बाहेर. शेतकऱ्याच्या घरात पीक काढून फेकतोय म्हणून बोलणी खावी लागतात, ते वेगळं.

पाणी सुधारलं तरी जावळ लगेच गेलं नाही. चुनखडीचा दगड फॉस्फेट शोषून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडतो. सगळं काढायला मला पाच महिने लागले. पंपाच्या पाठीवर अजून बोटभर हिरवं आहे. तिथे एक टर्बो गोगलगाय चरते. तिच्यासाठी ते ठेवलंय.