जवळीक आणि स्तनाचा कर्करोग : एक खुलासा

स्तनाच्या कर्करोगानंतर पतीपत्नींनी जवळीक टाळावी, कारण स्पर्शाने रोग जोडीदाराला होतो, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. कर्करोग संसर्गजन्य नाही. एकाच्या पेशी दुसऱ्याच्या शरीरात गेल्याच, तर तिथली प्रतिकारशक्ती त्यांना परक्या म्हणून ओळखून नष्ट करते. समजामागे कदाचित एक खरा धागा असावा : केमोथेरपीनंतर काही दिवस औषधाचा अंश शरीरस्रावांत उतरू शकतो, म्हणून त्या काळात निरोध वापरण्याचा सल्ला दिला जातो, परंतु ती काळजी औषधाची असते, रोगाची नव्हे. स्तनाच्या पुनर्रचनेनंतरही, म्हणजे शस्त्रक्रियेने स्तन पुन्हा घडवल्यानंतरही, जखम भरेपर्यंतच थांबायचे असते. नव्या स्तनाची संवेदना मात्र बहुधा कमी राहते, आणि ते आधीच सांगितलेले बरे. खात्रीसाठी पुढच्या तपासणीत ‘नेमके किती आठवडे थांबायचे?’ असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.