कापडी पिशव्यांचे सीमाशुल्क वर्गीकरण

परदेशातून आलेली कापडी पिशवी, पोते किंवा सॅक सीमाशुल्क दरसूचीत कोणत्या क्रमांकाखाली बसते, हे ठरवणे म्हणजे तिचे वर्गीकरण. शुल्क किती, हे या क्रमांकावरून ठरते. भारतात याचा आधार सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ ची पहिली अनुसूची. ती जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या, १९८८ पासून लागू असलेल्या ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’वर बेतलेली आहे. क्रमांकाचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे दोन भारताचे.

नागपुरात कळमन्याच्या बाजारात ‘बारदाना’ म्हटले की माल भरायची पोती डोळ्यांसमोर येतात. बर्डीवर घेतलेली बॅग मात्र खांद्याला अडकवून वर्षानुवर्षे वापरायची असते. बोलीतला हाच भेद दरसूचीतही आहे. कापड कोणते, याआधी पिशवी कशासाठी, हे पाहिले जाते. माल बांधण्यासाठीची पोती व पिशव्या ६३०५ या चार अंकी शीर्षकात जातात: तागाच्या ६३०५ १०, सुती ६३०५ २०. टिकाऊ वापराच्या हँडबॅग, शॉपिंग बॅग, प्रवासी बॅगा ४२०२ मध्ये. घरात बूट किंवा धुण्याचे कपडे ठेवायची साधी पिशवी यांपैकी कशातच बसत नाही; ती ६३०७ मध्ये, ‘इतर तयार वस्तूं’त.

४२०२ हे मुळात चामडी सामानाच्या प्रकरणातले शीर्षक असल्याने कापडाचा व्यापारी तिकडे वळून पाहत नाही. पण बाहेरचा पृष्ठभाग कापडाचा असलेल्या बॅगा तिथे स्पष्ट नमूद आहेत आणि कापडाच्या विभागातून तिथल्या टीपेने त्या वगळल्याही आहेत. सुती हँडबॅग व शॉपिंग बॅग ४२०२ २२ २०, तागाच्या ४२०२ २२ ३०. शाळेचे दप्तर ४२०२ १२, पाठीवरची सॅक ४२०२ ९२. नागपुरातली बहुतेक मुले दप्तर म्हणून सॅकच नेतात, त्यामुळे या दोन ओळींतली रेषा कागदावर दिसते तितकी ठळक राहत नाही. बाहेरचा पृष्ठभाग म्हणजे उघड्या डोळ्यांना बाहेरून दिसणारा थर. आतले अस्तर हिशेबात येत नाही.

खरी गुंतागुंत प्लास्टिकच्या पट्टीपासून विणलेल्या पोत्यांची. दरसूचीनुसार ५ मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी कापडाच्या विभागात येते, त्याहून रुंद पट्टी प्लास्टिकच्या. पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीन पट्टीच्या पोत्यांसाठी ६३०५ ३३ हे उपशीर्षकही आहे. तरी १९९० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने उत्पादन शुल्काच्या प्रकरणात अशी पोती प्लास्टिकचीच मानली. पुढे ३१ डिसेंबर २०१८ च्या जीएसटी परिपत्रकाने विणलेल्या आणि नॉनवोव्हन (न विणलेल्या) अशा दोन्ही प्रकारच्या पॉलिप्रॉपिलीन पिशव्या प्लास्टिकच्या ३९२३ मध्ये, १८ टक्के दराने, ठेवल्या. लग्नात मिळणारी नॉनवोव्हन पिशवी लोक ‘कापडी’ म्हणतात. सरकारच्या लेखी ती प्लास्टिकची.

क्रमांकाचा परिणाम थेट पैशांत दिसतो. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रवासी बॅगा व तत्सम वस्तूंवरचे मूळ सीमाशुल्क १० वरून १५ टक्क्यांवर गेले. त्याआधी जानेवारी २०१७ मध्ये बांगलादेश व नेपाळमधून येणाऱ्या तागाच्या पोत्यांवर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचे जादा शुल्क, बसले. ताग एकच, पण पोते आणि खरेदीची पिशवी यांचे हिशेब वेगळे.

नागपूरला समुद्र नाही. न्हावा शेवाला उतरलेले कंटेनर रेल्वेने इथल्या कंटेनर डेपोत येतात आणि तिथेही माल सोडवता येतो. २०११ पासून वर्गीकरण प्रथम आयातदारानेच करायचे असते. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीच्या नोंदपत्रात, क्रमांक लिहिण्याचे काम बहुधा सीएचए (कस्टम हाउस एजंट) करतो. चुकीची जबाबदारी मात्र माल मागवणाऱ्या गांधीबागेतल्या दुकानदाराची राहते. कमी भरलेल्या शुल्काची नोटीस साधारणपणे दोन वर्षांत, आणि माहिती दडवल्याचा ठपका असल्यास पाच वर्षांपर्यंत येऊ शकते. विक्रीच्या बिलावर नुसते ‘टेक्स्टाइल बॅग्ज’ लिहून पाठवणारा परदेशी विक्रेता इथे फारच अडचणीत आणतो. कापड, अस्तर, पट्टा, चेन आणि उपयोग यांचा तपशील व एक नमुना आधी मागवलेला बरा.

शंका असल्यास आयातीपूर्वी अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. २०२१ पासून त्याची पीठे मुंबई आणि दिल्लीत आहेत. निर्णय अर्जदारावर आणि त्याच्या बाबतीत सीमाशुल्क खात्यावर बंधनकारक असतो. शेजारच्या गाळ्यातल्या व्यापाऱ्याला तो दाखला म्हणून पुढे करता येईल, हक्क म्हणून नाही.