खड्ड्यातलं गांडूळ वेगळं, बागेतलं गांडूळ वेगळं

गांडूळ खत घालतोच आहे तर थोडी गांडुळं पण मानकुराद आंब्याच्या मुळाशी सोडू का, माती भुसभुशीत होईल, असं मला दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतं. सोडू नका. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शेजारच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, दोन किलो विकत आणून सोडलेली, पंधरा दिवसांनी उकरलं तर एक दिसेना, आणि मग सगळे म्हणायला लागले आमची मातीच वाईट. माती वाईट नव्हती हो, गांडूळच त्या मातीतलं नव्हतं.

खत करायला जे वापरतात ते बहुतेक आयसेनिया फेटिडा नाहीतर यूड्रिलस युजेनी. लालसर, चपळ, आणि राहतं ते वरच्या कुजक्या थरात. त्याला अर्धवट कुजलेलं शेण आणि पाचोळा लागतो, ताजं शेण घातलं तर तापतं आणि ती मरतात, म्हणून आधी १५-२० दिवस कुजवून घ्यायचं. नुसती जांभ्याची माती त्याचं खाणं नाही, त्यात ते बीळ करत खोल जातच नाही.

बागेतलं जे आपलं मूळचं असतं ते बहुतेक फिकट, जरा सुस्त. ते माती खातं, खाली-वर फिरतं, त्याच्या बिळांतून पाणी आत मुरतं आणि मुळांना हवा मिळते. उन्हाळ्यात माती सुकली की ते खोल जाऊन गुंडाळी करून पडून राहतं, जूनमध्ये परत वर. सकाळी झाडाखाली मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसतात ना, ते त्याचंच काम.

मग विकतच्या गांडुळाचा उपयोग काय, तर त्याची विष्ठा, म्हणजेच खत. आणि गोव्यात त्याची गरज जास्तच आहे, कारण आपली जांभ्याची माती आंबट, त्यातलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं, झाडाला सोडत नाही, वर पावसात पोटॅश, कॅल्शियम धुऊन जातं ते वेगळंच. खतातला ह्युमस, म्हणजे पूर्ण कुजलेला काळा भाग, ही अन्नद्रव्यं धरून ठेवतो, मातीचे कण एकमेकांना चिकटवतो, सेंद्रिय आम्लांमुळे थोडा स्फुरद पण मोकळा होतो. शिवाय कुजकं खाणं आयतं मिळाल्यावर मूळची गांडुळं आपोआप तिथे जमतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मी मोठ्या आंब्याला ५ किलो घालतो, केळीला २, खोडाला चिकटून नाही तर फांद्यांच्या टोकाखाली गोल चर काढून, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास पाऊस जरा कमी झाला की. जुलैच्या धो-धो पावसात घातलं तर अर्धं व्हाळात (ओढ्यात) जातं. वरून पातेऱ्याचा, म्हणजे वाळलेल्या पानांचा जाड थर. काजूच्या बागेत साफसफाई म्हणून पातेरा जाळतात तेव्हा जीव तुटतो, गांडुळाचं जेवण आणि पांघरूण दोन्ही एका काडीत जातं.

फरक पडतोय का ते बघायचं असेल तर पाऊस चालू असताना झाडाखाली एक फूट लांब, एक फूट रुंद, तेवढाच खोल खड्डा खणा, गांडुळं मोजून लिहून ठेवा, माती परत लोटा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच झाडाखाली परत मोजा.