डोस वाढवला तरी दुखणं वाढतंय: टॉलरन्स की हायपरअल्जेसिया?

कॅन्सरच्या पेशंटचं दुखणं मॉर्फिनवर छान आटोक्यात होतं आणि काही आठवड्यांनी तोच डोस पुरेनासा झाला, की बेसिक ट्रेनिंग झालेलं कुणीही डोस वाढवतं. बरोबरच आहे ते. जागतिक आरोग्य संघटनेची वेदनाशामकांची शिडी (दुखण्याच्या तीव्रतेनुसार हलक्या औषधाकडून जड औषधाकडे जायच्या पायऱ्या) १९८६ मध्ये आली तेव्हापासून डॉक्टर-नर्सच्या मनातली मॉर्फिनची भीती घालवण्यातच ट्रेनिंगचा मोठा भाग जातो, याला ठरावीक कमाल डोस नाही, दुखेल तसा वाढवा, घाबरू नका वगैरे. अ‍ॅडव्हान्स कोर्सला गेलं की मात्र अशी एक केस समोर ठेवतात जिच्यात हेच केल्याने पेशंट बिघडत जातो, आणि मग सगळे गोंधळतात.

टॉलरन्स म्हणजे शरीराला औषधाची सवय होणं. तेवढ्याच डोसचा परिणाम कमी होतो, औषध जिथे चिकटून काम करतं ते पेशींवरचे रिसेप्टर पूर्वीसारखी दाद देत नाहीत. हायपरअल्जेसिया म्हणजे औषधामुळे मज्जासंस्थाच जास्त हळवी होणं, म्हणजे जे औषध दुखणं कमी करायला दिलं तेच वेदनेचा आवाज मोठा करतंय. वरवर बघितलं तर दोन्हीकडे तक्रार एकच, ‘गोळीने काही होत नाहीये’. पण उपाय एकदम उलटे, एकात डोस वाढवायचा आणि दुसऱ्यात कमी करायचा, म्हणून हा फरक ओळखता येणं एवढं महत्त्वाचं. (टॉलरन्स म्हणजे व्यसन नव्हे, हे अजूनही सांगावं लागतं, असो.)

पेशंटजवळ बसून नीट विचारलं की बऱ्याच गोष्टी वेगळ्या होतात. पहिली, दुखतंय कुठे? टॉलरन्समध्ये जागा तीच असते, कमरेत होतं तर कमरेतच, दुखण्याचा प्रकारही तोच, फक्त आराम लवकर संपतो. हायपरअल्जेसियात दुखणं पसरतं, मूळ जागा सोडून अंगभर जातं, पेशंटला नेमकं बोट ठेवता येत नाही, ‘सगळंच दुखतंय’ म्हणतो. चादर अंगावर ओढली तरी कळवळतो, कूस बदलायला नुसता हात लावला तरी ओरडतो, आणि घरच्यांना वाटतं आजार एकदम वाढला. नुसत्या स्पर्शाने दुखणं याला अ‍ॅलोडिनिया म्हणतात, ते दिसलं आणि गाठीने नस दाबली जाण्यासारखं दुसरं कारण सापडत नसेल तर माझा तरी डोस वाढवायला हात धजत नाही.

दुसरी गोष्ट, डोस वाढवल्यावर काय झालं. यासाठी चार्ट नीट भरलेला लागतो. समजा पेशंट दर ४ तासांनी ४० मिलीग्रॅम तोंडाने घेतोय, म्हणजे दिवसाला २४०, आणि मधे दुखलं तर त्याचा सहावा भाग म्हणजे ४० मिलीग्रॅमचा जादा डोस. टॉलरन्स असेल तर जादा डोसनंतर तासाभरात दुखण्याचा आकडा (० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे असह्य) ८ वरून ३-४ वर आलेला दिसतो, रोजचा डोस वाढवला की जादा डोस कमी लागतात. हायपरअल्जेसियात ८ चा ७ होतो, थोड्या वेळात ९, वाढवत जाल तसा चार्ट वर वर चढत जातो. निम्म्या ठिकाणी डोस लिहिलेला असतो पण तासाभरानंतरचा आकडा कुणी विचारलेलाच नसतो, मग सांगणार कशावरून?

तिसरी गोष्ट, सोबत आणखी काय दिसतंय. हायपरअल्जेसिया बऱ्याचदा एकटा येत नाही, ओपिऑइडच्या (मॉर्फिन आणि त्याच्या जातीच्या औषधांच्या) न्यूरोटॉक्सिसिटीचा, म्हणजे मज्जासंस्थेवरच्या विषारी परिणामाचा, तो एक भाग असतो. कप धरताना हात एकदम झटका देतो, झोपेत पाय उडतात, भिंतीवर किडे दिसतात, बोलणं असंबद्ध होतं. किडनी मंद झाली, पाणी पोटात जात नाही, तर मॉर्फिनपासून यकृतात तयार होणारे पदार्थ, विशेषतः एम-३-जी, बाहेर न पडता साठत जातात आणि त्यांच्यावरच या झटक्यांचा मुख्य संशय असतो. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते यावरून कळतं) बघायचं, लघवी किती होते ते विचारायचं. नुसत्या टॉलरन्समध्ये यातलं काही नसतं, माणूस शुद्धीत, फक्त दुखतंय.

इथे एक सापळा आहे आणि तो फार वाईट आहे. डिलिरियममधला, म्हणजे भान जाऊन भ्रमात असलेला, पेशंट कण्हतो, तोंड वेडंवाकडं करतो, नातेवाईक म्हणतात सिस्टर बघवत नाही हो, काहीतरी द्या, सिस्टर डॉक्टरांना फोन करते, डॉक्टर आणखी मॉर्फिन सांगतात, त्याने डिलिरियम वाढतो, कण्हणं वाढतं, परत फोन. या चक्रात प्रत्येकजण दयेपोटीच वागतोय.

आणि दोन्हींच्या आधी एक तिसरी शक्यता तपासायची राहून जाते, की आजारच वाढलाय. हाड मोडलंय, मणक्यात गाठ दाबतेय, लघवी अडकलीय, किंवा साधा बद्धकोष्ठ. टॉलरन्सचं लेबल लावण्याआधी हे बघाच, कारण स्थिर असलेल्या पेशंटला अचानक जास्त डोस लागतो तेव्हा बऱ्याचदा हेच निघतं.

आता उपाय. टॉलरन्समध्ये डोस वाढवा, सोबत दुसरी औषधं जोडा, संपलं. हायपरअल्जेसियाचा संशय असेल तर डोस कमी करायचा किंवा औषध बदलायचं, गरजेप्रमाणे सलाईन. बदलताना एका औषधाचा किती डोस दुसऱ्याच्या किती डोसबरोबर आहे याच्या तक्त्यावरून हिशेब करतात, पण तक्त्यातला आकडा जसाच्या तसा देत नाहीत. वरच्याच पेशंटला तोंडाने ऑक्सिकोडोन हे दुसरं ओपिऑइड द्यायचं तर २४० ला दीडने भागून १६० येतात, पण नव्या औषधाला शरीर तेवढं सरावलेलं नसतं, म्हणून त्यातून २५ ते ५० टक्के कापायचे, म्हणजे सुरुवात ८० ते १२० च्या मधे, आणि दिवसभरात वाटून. किडनीच बिघडलेली असेल तर ऑक्सिकोडोनही जपून, तिथे फेंटानिल या आणखी एका ओपिऑइडकडे वळतात.

मेथाडोन या ओपिऑइडबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात कारण ते एनएमडीए रिसेप्टरही (मज्जातंतूंवरचा, वेदनेचा संदेश तीव्र करणारा) अडवतं आणि हायपरअल्जेसियाची साखळी तिथेच असल्याचं मानलं जातं, म्हणून कागदावर एकदम योग्य वाटतं. पण ते अंगात किती काळ राहील हे माणसागणिक बदलतं, दिवसेंदिवस साठत जातं, ईसीजीतला क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक काळ) लांबवतं, ज्याने ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात, आणि मॉर्फिनशी त्याचं प्रमाण आधीच्या डोसनुसार बदलतं, त्यामुळे सरळ भागाकार चालत नाही. अनुभवी माणसाच्या देखरेखीशिवाय त्याला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

खरं सांगायचं तर पाठ्यपुस्तकात आहे तेवढी ही सीमा स्वच्छ नाही. दोन्हींच्या यंत्रणेत एनएमडीए येतंच, एकाच पेशंटमध्ये दोन्ही असू शकतात, आणि ओळखायला रक्ताची कुठली टेस्ट नाही. मग डोस उतरवून बघणं हीच परीक्षा, तीही टप्प्याटप्प्याने, एकदम बंद केलं तर विथड्रॉवल, म्हणजे सवयीचं औषध तुटल्याचा त्रास, येईल. घरच्यांना मात्र आधीच बसवून सांगावं लागतं की आपण औषध काढून घेत नाहीये, बदलतोय, पहिले एक-दोन दिवस आम्ही सारखं विचारायला येऊ, आणि मधे दुखलं तर जादा डोस तयार आहे. हे न सांगता डोस कमी केला तर त्यांना वाटतं आता डॉक्टरांनी हात वर केले.