गव्हाणी घुबडाचे वाकडे कान

दिवाळी जवळ आली की घुबडं विकायला नेणाऱ्यांना पकडल्याची बातमी कुठून तरी येतेच. लक्ष्मीच्या वाहनाचाच बळी दिल्यावर ती पायी येईल, अशी या मंडळींची समजूत असावी. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. अमावस्येचा धंदा मात्र चालूच.

निपाणी-चिकोडीच्या उसाच्या पट्ट्यात कुणालाही विचारा, ‘घुबडाला रात्री दिसतंय की!’ असंच उत्तर मिळेल. दिसतं, पण देवळाच्या शिखरात नाहीतर पडक्या वाड्यात राहणारं पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड डोळ्यांवर अडून बसत नाही. रॉजर पेन आणि मासाकाझु कोनिशी या शास्त्रज्ञांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत त्याची परीक्षा घेतली. नुसत्या खसखस आवाजावरून त्यानं उंदीर धरला. उंदरामागं खसखसणारा कागद बांधला, तर झडप कागदावर!

गंमत कानांच्या जागेत आहे. त्याचा डावा कान थोडा वर, पण रोख खाली. उजवा खाली, रोख वर. त्यामुळे जमिनीकडून आलेला बारीक आवाज डाव्या कानात जास्त मोठा पोचतो. यावरून उंची कळते. आडवी दिशा वेळेवरून: आवाज एका कानात आधी, दुसऱ्यात नंतर. हा फरक सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका असला तरी घुबडाला कळतो. मेंदूत दोन्ही कानांकडून येणारे चेतातंतू वेगवेगळ्या लांबीचे असतात. ज्या पेशीपाशी दोन्ही संदेश एकाच क्षणी पोचतात तीच जोरात पेटते, आणि कोणती पेशी पेटली त्यावरून दिशा ठरते. चेहऱ्याची ती पसरट थाळी आवाज गोळा करून कानात सोडते.

एवढी तयारी असूनही दाट उभ्या उसात त्याला शिरता येत नाही. म्हणून शेतातले उंदीर त्यानं धरावेत असं वाटत असेल तर बांध मोकळे ठेवावेत, तोडणीनंतर पक्षीथांबे रोवावेत. ब्रोमॅडिओलोन हे उंदीर मारायचं विष मात्र जपून. ते खाल्लेला उंदीर काही दिवस हिंडतो आणि त्याच्या यकृतातलं विष घुबडाच्या पोटात जातं.

तुमच्या गावचं घुबड काय खातं हे बघायला कॅमेराही लागत नाही. ढोलीखाली केस-हाडांच्या करड्या गोळ्या पडलेल्या असतात. न पचलेलं ते ओकून टाकतं. हातमोजे घालून गोळी पाण्यात भिजवा, कवट्या वेगळ्या करा. पुढचे दात आणि दाढा यांच्यात मोठी फट असेल तर उंदीर किंवा घूस. दात सलग ओळीत असतील तर चिचुंद्री.