हिवाळा आणि वार्धक्य (ग्रामीण विदर्भ)

विदर्भाची ख्याती उन्हाळ्याची, त्यामुळे गावोगावी उष्माघाताची चर्चा होते आणि थंडीकडे दुर्लक्ष होते. वृद्धांना हे दुर्लक्ष महागात पडते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा अनेकदा १० अंश सेल्सिअसखाली उतरतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत घसरला होता. दुपारी मात्र ऊन चटकते, म्हणून रात्रीची थंडी कुणी मनावर घेत नाही.

उतारवयात स्नायू झडतात, हुडहुडी कमी भरते आणि गारठ्याची जाणीवच बोथट होते. ‘मले नाही लागत थंडी’ म्हणणाऱ्या आजोबांचे पोट हाताला गार लागले, तर सावध व्हावे. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की बोलणे अडखळते, गुंगी येते. घरच्यांना ती म्हातारपणाची झोप वाटते.

खरा घाला हृदयावर आणि मेंदूवर पडतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. हृदयविकाराचा झटका आणि लकवा हिवाळ्यात अधिक आढळतात. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने थंडी सुरू होताच तपासणी करून घ्यावी. उन्हाळ्यात पुरणारी मात्रा आता कमी पडू शकते.

गावातल्या राहणीमुळे धोका वाढतो. म्हातारी माणसे बहुधा छपरीत, उघड्यावरच निजतात. कृषिपंपाची वीज पाळीने, कित्येकदा रात्री मिळते. मग गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी साठी उलटलेला शेतकरीही पहाटेपर्यंत ओल्या पायांनी बांधावर उभा असतो. रानडुकरांपासून पीक राखायला जागल असतेच. या वयाच्या माणसाला रात्री पाण्यावर पाठवूच नये आणि ओलिताला वीज दिवसा मिळावी, ही मागणी आरोग्याचीही आहे.

शेकोटीने ऊब मिळते, पण धुराने दमेकऱ्याची छाती भरते. मधुमेहाने बधिर झालेले पाय निखाऱ्याजवळ भाजले तरी कळत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे जीवघेणे आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मोहाच्या दारूने अंग तापल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्वचेतील रक्तवाहिन्या पसरून उष्णता बाहेर जाते.

अंग गार पडलेल्या वृद्धाचे ओले कपडे काढून त्याला कोरड्या गोधडीत, डोक्यासकट गुंडाळावे. हातपाय चोळू नयेत, शेक द्यायचा तो छातीला, कपड्यावरून. शुद्धीवर असेल तरच कोमट गोड पेय पाजावे आणि १०८ ला फोन करावा.